एमआरआयच्या दारापाशी मराठीत बोला : राज्यातील रेडिओलॉजिस्ट आणि केंद्रचालकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व रेडिओलॉजिस्ट, एमआरआय केंद्रांचे चालक आणि तंत्रज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवले आणि आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही. पण वर्गात चुंबक आणि विद्युतधारा शिकवल्यामुळे असेल, आमच्या गल्लीत किंवा भावकीत कुणाला एमआरआय (मोठ्या चुंबकाने शरीराच्या आतले चित्र काढणारी तपासणी) सांगितला की "सर, तुम्ही बरोबर चला, तिथे काय विचारतात ते आम्हाला कळत नाही" असा निरोप येतो आणि मी जातो. अशा फेऱ्यांमध्ये मिरज, सांगली, कोल्हापूर आणि पुण्यातल्या निरनिराळ्या केंद्रांच्या बाकड्यांवर मी बरेच तास काढले आहेत. तुमच्या यंत्रांबद्दल किंवा तुमच्या ज्ञानाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की आपण कशात जातो आहोत, आत काय होणार आहे आणि बाहेर आल्यावर हातात पडलेल्या कागदाचा अर्थ काय, हे आत जाणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत कुणी सांगत नाही. हे सांगणे तपासणीचाच भाग आहे असे मी मानतो, आणि तसे का मानतो ते नीट मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या थोरल्या बहिणीपासून सुरुवात करतो. आम्ही तिला आक्का म्हणतो. वय ६६, शिक्षण सातवीपर्यंत, रोजचे वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी. दोन वर्षांपूर्वी तिची कंबर धरली आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. केंद्राच्या खिडकीवर दोन पानांचा इंग्रजी फॉर्म पुढे सरकवून "इथे सही करा" असे सांगण्यात आले. तिने सही केल्यावर मी तो कागद वाचला. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातले यंत्र, डोळ्यात गेलेला धातूचा कण असे वीसेक प्रश्न होते आणि प्रत्येकासमोर 'नाही' या रकान्यात आधीच खूण केलेली होती. मग "सगळे दागिने काढा" अशी सूचना आली. आक्काने मंगळसूत्र रुमालात बांधले, बांगड्या उतरवल्या. पायातली जोडवी निघेनात, तेव्हा बेसिनपाशी बसून साबण लावून माझ्या पत्नीने ती काढली. "अजून काही आहे का अंगावर?" असे दारात तंत्रज्ञाने विचारल्यावर आक्का "नाही" म्हणाली, आणि पुढे पाऊल टाकणार तोच माझ्या पत्नीला आठवले की तिच्या पदराला खांद्यावर एक आणि निऱ्यांना एक अशा दोन सेफ्टी पिना आहेत.

आक्का खोटे बोलली नव्हती. तिला दागिने काढायला सांगितले होते आणि पिन हा काही दागिना नव्हे. सोन्याला चुंबक ओढत नाही. ते काढायचे ते मुख्यतः चित्र बिघडू नये आणि कातडीला चटका बसू नये म्हणून. उडून जाते ती लोखंडी पिन. म्हणजे जे जास्त धोक्याचे, तेच सूचनेत नव्हते. "अंगावर, कपड्यांत, केसांत, खिशात लोखंडाची कोणतीही वस्तू नको, पिन, आकडे, किल्ली, नाणे, मोबाइल, एटीएम कार्ड, सगळे बाहेर" एवढे एक वाक्य मराठीत कुणी म्हटले असते, तर तिने स्वतः होऊन दोन्ही पिना काढून दिल्या असत्या.

तुम्हाला हे ठाऊक आहे, पण रुग्णाला नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या केंद्रांतले चुंबक १.५ किंवा ३ टेस्लाचे असते (टेस्ला हे चुंबकत्व मोजण्याचे माप). होकायंत्राची सुई फिरवणारे पृथ्वीचे चुंबकत्व त्याच्यापुढे किती, तर १.५ टेस्ला हे त्याच्या साधारण तीस हजार पट भरते. हे चुंबक अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांचे असते, ती वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवून ठेवलेली असतात आणि त्यांतली धारा एकदा सुरू केली की फिरतच राहते. रुग्ण आत नसला, दिवे मालवलेले असले, रात्र असली, तरी चुंबक चालूच असते. सर्वसामान्य माणसाच्या डोक्यात 'मशीन बंद' म्हणजे आवाज थांबला, असा हिशेब असतो, आणि घात होतो तो या हिशेबाने.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात, रुग्णासोबत आलेला ३२ वर्षांचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, सिलिंडरसकट यंत्राकडे ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. यंत्र बंद आहे असे आपल्याला सांगण्यात आले होते, असे त्याच्या नातेवाइकांचे म्हणणे होते. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईत दोन कर्मचारी सिलिंडर आणि यंत्र यांच्यामध्ये काही तास अडकून पडले होते. अमेरिकेत २००१ मध्ये यंत्रात झोपवलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा असाच, सिलिंडर ओढला जाऊन, मृत्यू झाला. मुंबईतल्या त्या तरुणाला 'हे चुंबक कधीच बंद नसते' हे पाच शब्द माहीत असते तर तो आत पाऊल टाकताना थांबला असता, असे मला राहून राहून वाटते. हे पाच शब्द दारावर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या मराठी अक्षरांत लिहायला कितीसा खर्च येतो? मी पाहिलेल्या बहुतेक दारांवर इंग्रजीतला पिवळा त्रिकोण आहे, आणि तो पाहून आमच्याकडचा माणूस विजेचा धोका समजतो.

क्ष-किरण आणि सीटी यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसल्यामुळे ते यंत्र त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे दारापाशी कुणाला काय विचारायचे, कोणत्या भाषेत विचारायचे आणि कुणाला अडवायचे, ही शिस्त बहुतांशी तुमच्या स्वतःच्या हातात आहे. म्हणूनच हे पत्र मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहिले. आणि मराठीत कागद ठेवणे अवघड आहे असे तर कुणीच म्हणू नये. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने गर्भवतीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घेण्याचे बंधन घातले आहे आणि 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही मराठी पाटी तुमच्यापैकी अनेकांच्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेर लागलेली मी रोज पाहतो. एका भिंतीवर जे जमते ते शेजारच्या भिंतीवरही जमेल.

भाषेबरोबर विचारण्याची पद्धतही बदलायला हवी. आमच्या शेजारचा मुलगा नऊ वर्षे फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ग्राइंडर चालवतो. गुडघ्याच्या एमआरआयसाठी त्याच्याबरोबर गेलो, तर त्याच्याही फॉर्मवर सगळीकडे 'नाही'. मी त्याला साध्या शब्दांत विचारले, "काम करताना डोळ्यात कधी कण गेला होता का रे?" तो म्हणाला, "सर, ते तर चालूच असतं. दोनदा मोठा गेला होता, शेडमधल्याच एकाने काढला." डोळ्यात राहिलेला लोखंडाचा बारीक कण त्या चुंबकात हलला तर दृष्टी जाऊ शकते. तंत्रज्ञाला सांगितल्यावर त्यांनी लगेच डोळ्यांचा एक्स-रे काढायला पाठवले, त्यात काही निघाले नाही आणि मग एमआरआय झाला. त्या तंत्रज्ञाने काम चोख केले. फक्त माहिती त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती. साखर कारखान्यांच्या, वर्कशॉपच्या आणि वेल्डिंगच्या दुकानांच्या या पट्ट्यात तरी 'डोळ्यात धातूचा कण' हा प्रश्न छापील रकान्यात न ठेवता तोंडी आणि त्याच्या कामाच्या भाषेत विचारला गेला पाहिजे.

उलट्या बाजूचे गैरसमजही तितकेच आहेत. पायात रॉड आहे म्हणून एमआरआय होणारच नाही, असे समजून घरी बसलेली माणसे मला भेटली आहेत. हाडांत बसवलेले बहुतेक रॉड, प्लेटा आणि स्क्रू, हृदयातले बहुतेक स्टेंट आणि तांबी यांना सहसा अडचण येत नाही. फार तर जवळचे चित्र बिघडते. पेसमेकरच्या बाबतीत मात्र तो कोणत्या प्रकारचा आहे यावर सगळे अवलंबून असते, आणि म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेले कार्ड सोबत आणा, हे वेळ देतानाच फोनवर सांगायला हवे. आल्यावर सांगून साठ किलोमीटर परत पाठवणे रुग्णाला परवडत नाही.

आता आतल्या वेळेबद्दल. आक्का आत असताना बाहेर आम्हाला धाडधाड आवाज ऐकू येत होता. नंतर ती म्हणाली, "मला वाटलं यंत्र मोडलं. म्हटलं आता हे अंगावर पडतंय." ती दचकून हलली, चित्रे हलली आणि काही भाग पुन्हा घ्यावा लागला. हाच आवाज मी आता प्रत्येकाला आधीच समजावतो. मोठ्या चुंबकाच्या आत तारेची आणखी काही वेटोळी असतात, त्यांतली विद्युतधारा क्षणाक्षणाला चालू-बंद होते, आणि चुंबकात ठेवलेल्या तारेतून धारा गेली की तारेला धक्का बसतो. लाउडस्पीकरचा पडदा ज्या धक्क्याने हलतो, त्याच धक्क्याने ही वेटोळी थरथरतात. आवाज शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून कानात बोळे घालायचे. आवाज म्हणजे काम नीट चालले आहे. एवढे ऐकून आत गेलेली माणसे हलत नाहीत, असा माझा अनुभव आहे, आणि न हलणे म्हणजे तुमचाही वेळ वाचणे. हातातला रबरी फुगा दाबला की कुणीतरी बोलेल, आत तुमचा आवाज बाहेर ऐकू येतो, साधारण वीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतील, हाताची बोटे एकमेकांत गुंतवू नका आणि पायावर पाय टाकू नका, हेही आधीच सांगायला हवे. ही शेवटची गोष्ट तर कुणीच सांगत नाही. कातडीला कातडी टेकून शरीराचे कडे तयार झाले तर त्यातून धारा वाहून चटका बसू शकतो, आणि आपल्याकडे तर देवाचे नाव घेत हात जोडून झोपण्याची सवय असते.

'रेडिएशन' या शब्दाची भीती तर घरोघरी आहे. एमआरआयमध्ये क्ष-किरणांचा संबंध नाही. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. त्याच्या अणूचे केंद्रक हे इवलेसे चुंबक असते आणि मोठ्या चुंबकात ते भोवऱ्यासारखे डगमगत फिरते. १.५ टेस्लाला ते सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा फिरते. नेमक्या त्याच कंप्रतेच्या, म्हणजे सेकंदाला तितकीच कंपने असलेल्या रेडिओ लहरी सोडल्या की ते कलते, आणि लहरी थांबल्या की पूर्वस्थितीला येताना स्वतः क्षीण लहर सोडते. ही कंप्रता एफएम वाहिन्यांच्या थोडी खालची आहे. पूर्वस्थितीला यायला पाण्यात, चरबीत, सुजलेल्या पेशींत आणि गाठीत निरनिराळा वेळ लागतो, आणि त्या फरकातून चित्र उमटते. ब्लॉख आणि पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये पदार्थांत हा परिणाम दाखवला. लाउटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकत्वाला उतार देऊन, म्हणजे ते जागोजागी थोडे कमी-जास्त ठेवून, कोणती लहर कुठून आली ते ओळखण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आणि लाउटरबर व भौतिकशास्त्रज्ञ मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले. दमादियन या अमेरिकी डॉक्टरांच्या चमूने ३ जुलै १९७७ रोजी माणसाच्या छातीचे पहिले चित्र काढले, तेव्हा त्या एका चित्राला जवळजवळ पाच तास लागले होते. हे सगळे रुग्णाला सांगा असे मी म्हणत नाही. पण 'यात एक्स-रे नाही, रेडिओसारख्या लहरी आहेत' हे सांगितले की गर्भवतीच्या सासूचा चेहराही निवळतो, हे मी पाहिले आहे.

इंजेक्शनचे मात्र वेगळे आहे. गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध, देण्यापूर्वी मूत्रपिंडाचा आजार विचारायलाच हवा, कारण मूत्रपिंडे फार कमी काम करत असतील तर काही प्रकारच्या कॉन्ट्रास्टमुळे कातडी आणि सांधे आखडण्याचा गंभीर विकार होऊ शकतो. तो धोका २००६ पासून वैद्यकाला माहीत आहे. "किडनीचा काही त्रास?" असे विचारले की आमच्याकडे उत्तर "नाही" येते, कारण त्रास म्हणजे दुखणे. "साखर किती वर्षांपासून आहे? लघवीतून प्रथिने जातात असे कुणी सांगितले का? मूत्रपिंडाचे काम दाखवणारा, क्रिएटिनिनचा रक्ताचा रिपोर्ट आहे का?" असे विचारले तर खरे उत्तर येते.

आणि आता रिपोर्ट, ज्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे.

आक्काच्या रिपोर्टमध्ये 'डिफ्यूज डिस्क बल्ज' (मणक्यांमधली चकती सगळीकडून फुगलेली) असे तीन ठिकाणी लिहिले होते. काउंटरवरच्या मुलीने मोघम सांगितले, "मणक्यात गॅप आहे, गादी सरकलीय." त्या एका वाक्याने आक्का बदलली. तिने वाकणे सोडले, घागर उचलणे सोडले, परसातली भाजी लावणे सोडले. कंबर हलली तर लकवा मारेल या भीतीने ती चार महिने बाजेवर बसून राहिली, आणि बसून राहिल्याने कंबर आणखी धरली. शेवटी एका अस्थिरोगतज्ज्ञांनी फिल्म उजेडाला धरून तिला सांगितले, "मावशी, हे केस पांढरे होण्यासारखे आहे. चाला, वाका, कामाला लागा."

त्या डॉक्टरांचे म्हणणे नुसते धीराचे नव्हते. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या निरोगी माणसांत ३० टक्क्यांना, साठीत ६९ टक्क्यांना आणि ऐंशीत ८४ टक्क्यांना चकती फुगलेली दिसते. चकतीची झीज तर विशीतच ३७ टक्क्यांत आणि ऐंशीत ९६ टक्क्यांत आढळते. म्हणजे साठी ओलांडलेल्या दहा निरोगी माणसांना यंत्रात घातले तर सहा-सात जणांच्या रिपोर्टवर आक्काच्या रिपोर्टसारखेच शब्द येतील. हे तुम्हाला रोज दिसते, तुम्ही ते गृहीत धरता आणि म्हणूनच लिहीत नाही. वाचणाऱ्याला ते ठाऊक नसते, आणि त्याला तो कागद निकालपत्रासारखा वाटतो.

तुमच्या प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी 'क्लिनिकली कोरिलेट करावे' या अर्थाची इंग्रजी ओळ असते. माझ्या मते साऱ्या रिपोर्टमधली ती सर्वांत महत्त्वाची ओळ आहे आणि रुग्णाला कळत नाही तीही तीच. तिचे साधे मराठी असे होईल : 'या चित्रात जे दिसते आहे तेच तुमच्या त्रासाचे कारण असेल असे नाही, तुम्हाला तपासून ते तुमचे डॉक्टर ठरवतील.' माझी विनंती आहे की हे वाक्य मराठीत छापावे आणि त्याच्या खाली दोन-तीन ओळी जोडाव्यात : मुख्य काय दिसले, ते या वयात सर्रास दिसते की नाही, आणि डॉक्टरांकडे आज जायचे, या आठवड्यात जायचे की ठरलेल्या तारखेला. तपशीलवार इंग्रजी रिपोर्ट डॉक्टरांसाठी आहे तो तसाच राहू द्या. मराठीत लिहिले तर कायद्याने अडकू, अशी शंका मला एका रेडिओलॉजिस्टांनी बोलून दाखवली. पण इंग्रजीत लिहिलेले तेच मत मराठीत लिहिल्याने जोखीम कशी वाढते, हे मला कळलेले नाही. न कळलेल्या तातडीमुळे रुग्ण आठवडाभर घरी बसला तर ती जोखीम मात्र नक्कीच मोठी आहे.

कारण ही तातडी कधीकधी खरी असते. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर एमआरआय तासांच्या हिशेबात व्हायला हवा. सतत ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर मणक्याच्या क्षयाचा विचार करावा लागतो. साध्या एक्स-रेत तो उशिरा दिसतो, तर एमआरआयमध्ये लवकर, आणि वेळेवर औषध सुरू झाले तर पुष्कळांच्या पायांतली ताकद वाचते. अर्धांगवायूत बहुधा आधी सीटी करतात, कारण रक्तस्राव आहे का ते त्यात झटपट कळते. पण रक्त न पोहोचलेला मेंदूचा भाग एमआरआय फार लवकर दाखवतो. भगंदराची वाट आत कुठवर आणि किती फाट्यांनी गेली आहे, गुदाशयाचा कर्करोग किती खोल आहे, गुडघ्यातला दोर तुटला की ताणला, पित्तनलिकेत खडा आहे का, हे सारे चिरफाड न करता दाखवणारे हे साधन आहे. अशा साधनावरचा लोकांचा विश्वास केस पांढरे होण्यासारख्या गोष्टीला 'गॅप' म्हणून घालवू नये, असे मला कळकळीने वाटते.

तुमच्या तंत्रज्ञांवर कामाचा किती भार असतो हे मी पाहिले आहे. एकामागून एक रुग्ण, बाहेर रांग, मध्येच तातडीची केस. त्यांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटे द्यावीत असे मी सुचवत नाही. पण प्रतीक्षागृहात आम्ही तासतासभर बसतो आणि समोरच्या दूरदर्शन संचावर मालिका चालू असते. त्याच संचावर यंत्राचा खरा आवाज ऐकवणारी, पिना आणि आकडे काढून दाखवणारी पाच मिनिटांची मराठी चित्रफीत फिरत ठेवली, तर अर्धे काम तिथेच होईल. उरलेले अर्धे म्हणजे फॉर्म स्वतः वाचून दाखवणे आणि उत्तर मिळाल्यावरच खूण करणे.

मी घरी बसून असा प्रश्नांचा दोन पानी मराठी फॉर्म तयार केला आहे. त्यात पहिला प्रश्न 'तुम्ही काय काम करता?' हा ठेवला आहे आणि दागिन्यांच्या आधी पिनांचा उल्लेख केला आहे. आक्काला वाचायला दिला, तेव्हा तिला फक्त 'प्रत्यारोपण' हा शब्द अडला, म्हणून तिथे 'शरीरात बसवलेली वस्तू' असे केले. वैद्यकीय चुका त्यात असतीलच, आणि त्या दुरुस्त करणे तुमचे काम आहे. ज्या केंद्राला हवा असेल त्यांनी तो विनामूल्य घ्यावा, सुधारावा आणि आपल्या नावाने छापावा.

कळावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
जि. सांगली